विश्लेषण : पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील लेण्यांच्या नादी कसा लागला? ठाणे-कल्याणचा त्याच्याशी काय संबंध?

ठाणे स्थानकातून सुटलेली कल्याण लोकल कळव्याच्या आधी खाडी ओलांडते. दाराशी उभं असाल तर वारा लागतो, एवढंच त्या पुलाचं कौतुक. पण २३० वर्षांपूर्वी ही खाडी म्हणजे दोन राज्यांमधली सरहद्द होती. अलीकडचं ठाणे ईस्ट इंडिया कंपनीचं, तर पलीकडचं कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण पेशव्यांचं. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये मराठ्यांकडून घेतला. पुढे कल्याणही जिंकलं, पण १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी बेट कंपनीकडे राहिलं आणि कल्याण पेशव्यांकडे परत गेलं.

या सरहद्दीवरच्या ठाण्याशी एका स्कॉटिश चित्रकाराच्या मृत्यूची नोंद जोडलेली आहे. जेम्स वेल्स त्याचं नाव. नोव्हेंबर १७९५ मध्ये, लेण्यांची चित्रं काढण्याच्या कामात असतानाच तो वारला. नाना फडणवीस आणि सवाई माधवराव पेशवे प्रत्यक्षात कसे दिसत होते, हे आज आपल्याला कळतं ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. पण तो एकटा नव्हता. त्याच्या मागे पुण्यातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता आणि सोबत होता पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट. या तिघांनी मिळून महाराष्ट्रातल्या लेण्यांची जी चित्रं जमवली, त्यातली बरीचशी आज अमेरिकेत आहेत.

'वकील' म्हणजे नेमकं कोण?

कोर्टातला वकील इथे डोक्यातून काढून टाका. मराठेशाहीत वकील म्हणजे एका राज्याचा दुसऱ्या राज्याच्या दरबारी राहणारा प्रतिनिधी. आजच्या भाषेत राजदूत. कंपनी त्याला 'रेसिडेन्ट' म्हणायची. मॅलेट हा इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या एका पाद्र्याचा मुलगा. १७७० मध्ये तो कंपनीच्या नोकरीत शिरला, गुजरातेत खंबायतला त्याने काम केलं आणि १७८६ मध्ये तो पुण्यात पोहोचला. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांची वकिलात उभी राहिली. पुण्यातल्या 'संगम' भागाला तो इतिहास आहे. पुढे नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी ही वकिलात जाळली गेली.

मॅलेटचं मुख्य काम लेणी पाहणं हे नव्हतंच. म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध मराठे आणि निजाम यांना कंपनीच्या बाजूला वळवायचं, आणि दरबारात कोण कोणाशी बोलतो याची खबर मुंबई-कलकत्त्याला पाठवायची, ही त्याची नोकरी. जून १७९० मध्ये पुण्यात त्याने तसा तह घडवून आणला. त्या कामगिरीबद्दल १७९१ मध्ये त्याला 'सर' ही पदवी देणारी बॅरोनेटची सनद मिळाली. त्याच्या पत्रव्यवहाराचा जाडजूड खंड 'पूना रेसिडेन्सी कॉरस्पॉन्डन्स' या मालेत १९३६ मध्ये छापला गेला. तो रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी संपादित केला. नाना फडणविसांच्या राजकारणावर लिहिणाऱ्या कोणालाही तो टाळता येत नाही. म्हणजे आपल्याच दरबाराची बित्तंबातमी आपण परक्या वकिलाच्या टिपणांतून वाचतो, अशी ही गंमत आहे.

मग चित्रकार कुठून आला?

तहाचा सोहळा कॅनव्हासवर उतरवावा ही मॅलेटची हौस. जेम्स वेल्स १७४७ च्या सुमाराला स्कॉटलंडमधल्या पीटरहेड या बंदरगावात जन्मला आणि १७९१ मध्ये कामाच्या शोधात मुंबईत उतरला. मॅलेटने त्याला पुण्याला बोलावलं. तिथे त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि १७९२ मध्ये पुण्यात आलेले महादजी शिंदे यांची चित्रं काढली. पेशवे आणि नाना एकत्र असलेलं त्याचं १७९२ चं तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे.

तहाच्या दरबाराचं मोठं चित्र मात्र वेल्सच्या हयातीत झालंच नाही. त्याने केलेल्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल या चित्रकाराने ते लंडनमध्ये पूर्ण केलं आणि १८०५ मध्ये ते प्रदर्शनात मांडलं गेलं. आता ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. दरबार भरला १७९० मध्ये. वेल्स भारतात आला १७९१ मध्ये, डॅनियल मुंबईला आला १७९३ मध्ये. म्हणजे ज्यांनी हे चित्र घडवलं, त्यातल्या एकानेही तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला नव्हता. चेहरे खरे, महाल खरा, प्रसंग मात्र नंतर जुळवलेला. आपण आज ज्याला 'रिक्रिएटेड' म्हणतो तसाच हा प्रकार आणि मधोमध दिमाखात वावरणारा मॅलेट. पैसे कोणाचे होते हे चित्र पाहताना विसरायचं नाही.

वेल्सने काढलेलं आणखी एक चित्र तर वैद्यकशास्त्राच्या इतिहासात जाऊन बसलं. कंपनीच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याचं नाक पुन्हा बनवलं. आधी मेणाचं नाक करून माप घ्यायचं, ते कपाळावर पसरून तेवढी त्वचा सोलायची, ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. वेल्सने कावसजीचं व्यक्तिचित्र काढलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये या शस्त्रक्रियेची हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून तिथल्या डॉक्टरांचे डोळे विस्फारले. जोसेफ कार्प्यू या सर्जनने हीच पद्धत वापरून लंडनमध्ये शस्त्रक्रिया केल्या आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ही पद्धत आजही 'इंडियन मेथड' म्हणून शिकवली जाते. कावसजीचं नाव राहिलं, चित्रकाराचं राहिलं, सर्जनचं राहिलं. ज्याने नाक बसवलं त्याचं नाव मात्र त्या मजकुरात नाही.

गंगाराम तांबट कोण?

या सगळ्या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात रंजक माणूस हाच. तांबट म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणारे, पुण्यातल्या कसब्यात त्यांची तांबट आळी अजून आहे. गंगाराम हा चित्रकार वेल्स येण्याच्या आधीपासून मॅलेटसाठी काम करत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याने काढलेलं चित्र नोव्हेंबर १७९० चं आहे. वेल्स मुंबईत उतरला त्याच्या कितीतरी महिने आधीचं. गेंड्याच्या जाड कातडीच्या घड्या, त्याला बांधलेली साखळी, हे सगळं त्याने समोर बसून पाहिलेलं जाणवतं.

मॅलेटने सवाई माधवरावांच्या मागे लागून शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू करवली. तिथे वेल्स शिकवायचा आणि गंगाराम तिथे होता. विलायती पद्धतीचं कलाशिक्षण देण्याचा हा भारतातला अगदी सुरुवातीचा प्रयत्न. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं ते १८५७ मध्ये, म्हणजे साठहून अधिक वर्षांनी.

गंगारामने वेरूळ आणि कार्ल्याची लेणी रेखाटली. इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या पहिल्या वर्षाला ज्यांनी टी-स्क्वेअर हातात धरला असेल त्यांना याचं मोल पटकन कळेल. लेणं ही काही इमारत नव्हे, ते डोंगरातून कोरून काढलेलं पोकळ घन आहे. त्याला बाहेरून पाहता येत नाही. आत अंधार, उजेड फक्त दाराच्या बाजूने. खांबांच्या रांगा मागे जाताना लहान होत जातात. हे कागदावर उतरवायचं तर डोळा आणि मोजपट्टी दोन्ही लागतात. भारतीय परंपरेत वाढलेला कलाकार हे परकं दृष्टिगणित काही वर्षांत आत्मसात करतो, हे काम साधं नाही. तरी त्याची चित्रं विलायती चित्रांची नक्कल वाटत नाहीत. रेषा बारीक, स्वच्छ. सावल्यांचा सोस कमी.

लेण्यांचं वय किती? वकिलाला मिळालेली दोन उत्तरं

मॅलेटने वेरूळच्या लेण्यांचं लांबलचक वर्णन लिहून १७९४ च्या अखेरीस ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला पाठवलं. सोबत चित्रं होती. सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात ते छापलं गेलं. इंद्रसभा, जगन्नाथसभा, रामेश्वर, दुमार लेणा, विश्वकर्मा, तीन ताल ही आपल्याला आज गाइड सांगतात ती नावं त्यात आहेत, कारण मॅलेटलाही ती तिथल्या ब्राह्मणानेच सांगितली होती.

लेणी किती जुनी, असं त्याने विचारलं. मुसलमान माहितगाराकडून उत्तर आलं, सुमारे ९०० वर्षं. ब्राह्मणाने सांगितलं, जवळपास ८ हजार. मॅलेटने दोन्ही लिहून ठेवली. आजच्या अभ्यासकांच्या मते कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं. १७९४ मधून मागे मोजलं तर हजारेक वर्षं. पहिला माहितगार फारसा चुकला नव्हता!

भिंतींवरच्या लेखांचं काय, हा पुढचा प्रश्न. वेल्सने पश्चिम भारतातल्या लेण्यांमधल्या लेखांच्या हुबेहूब नकला काढल्या आणि मॅलेटने त्या वाचनासाठी पुढे पाठवल्या. त्या पोहोचल्या बनारसला राहणाऱ्या कॅप्टन फ्रान्सिस विल्फर्डकडे. ती लिपी होती ब्राह्मी, जी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. विल्फर्डला एक पंडित भेटला. त्याच्याजवळ म्हणे जुन्या लिप्यांची किल्ली असलेली पोथी होती. तिच्या आधारे अर्थ निघाला की हे लेख पांडवांच्या वनवासातल्या भटकंतीचे आहेत. विल्फर्डने विश्वास ठेवला आणि ते चक्क 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पाचव्या खंडात छापून आलं. पोथी बनावट, किल्ली बनावट, वाचन बनावट. डिजिटल डेस्कवर रोज फॉरवर्ड तपासणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. आधी लोकांना काय ऐकायला आवडेल ते ठरतं, मग त्याला पुरावा मिळतो. ब्राह्मीचं खरं वाचन जेम्स प्रिन्सेपने केलं, तेही १८३७ मध्ये.

कल्याणचे व्यापारी कान्हेरीच्या भिंतीवर

लिपी वाचता आली तेव्हा काय निघालं? कान्हेरीत पांडव नव्हते. होते ते बौद्ध भिक्षू आणि त्यांना दान देणारे लोक. त्यातले बरेच व्यापारी आणि त्यांच्या घरच्या बायका. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भिक्षूंची खोली, कोणी कायमची ठेव. हे दाते कुठले? सोपारा, नाशिक, चौल आणि कल्याण. कल्याणचं नाव कान्हेरीच्या लेखांमध्ये पुन्हा पुन्हा येतं. तेव्हाचं कल्याण मोठं बंदर होतं, माल उल्हास नदीने खाली यायचा आणि त्या पैशातला काही भाग डोंगरावरच्या शंभराहून अधिक लेण्यांत मुरायचा. कल्याण-डोंबिवलीकर नोकरीसाठी मुंबईकडे धावतात याला आपण शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास मानतो. पैसा आणि माणसं त्या दिशेने जायला दोन हजार वर्षांपूर्वीच सुरुवात झाली होती.

वेल्स या भिंतींसमोर उभा राहून अक्षर न् अक्षर उतरवणारा माणूस होता. कल्याणच्या एखाद्या सावकाराचं नाव आपण लिहितोय हे त्याला कळणं शक्यच नव्हतं.

कान्हेरीला आपण बोरिवलीच्या बाजूने जातो म्हणून ती 'मुंबईची' वाटते. पण हाच डोंगर आपल्या बाजूने येऊर आहे. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा ज्या राष्ट्रीय उद्यानाखालून काढला जातोय, तेच हे जंगल. अठराव्या शतकात पावसाळा संपतानाचं हे रान तापासाठी बदनाम होतं. त्याच्या दहाएक वर्षं आधीच नव्हे, दोन-अडीचशे वर्षं आधीपासून युरोपीय लोक इथे येऊन वर्णनं लिहीत होते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता सोळाव्या शतकात आला. १७६० च्या डिसेंबरात सुरतेहून फ्रेंच अभ्यासक आंकेतिल द्युपेराँ आला, ज्याने पुढे पारशांचा अवेस्ता फ्रेंचमध्ये आणला. वेल्सचं वेगळेपण एवढंच की तो वर्णन करायला नव्हे, मोजून काढायला आला होता.

हौस की हेरगिरी?

हा प्रश्न टाळता येत नाही. राजदूताने परक्या देशातल्या अवशेषांमागे लागायचं, ही पुढे जगभरची रीतच झाली. मेसोपोटेमियात मोसुलचा फ्रेंच वाणिज्यदूत पॉल-एमिल बोता याने १८४३ मध्ये खोर्साबाद इथे असिरियन राजवाडा खणून काढला. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या माया संस्कृतीची नगरं जगाला दाखवली ती जॉन लॉइड स्टीफन्स या अमेरिकी दूताने, सोबत फ्रेडरिक कॅथरवूड हा चित्रकार घेऊन. १८४१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. दूत आणि चित्रकार अशी ही जोडी मॅलेट-वेल्स यांच्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने जमली.

मॅलेटच्या बाबतीत माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे. लेण्यांना जायला परवानगी मागायची म्हणजे वाटेतले किल्ले, घाट, गावं दिसतात. ते कंपनीला हवंच होतं. पण नुसत्या हेराला गेंड्याचं चित्र कशाला लागेल, किंवा खांबांची संख्या मोजून पानंच्या पानं कशाला लिहावी लागतील? त्याचं पुण्यातलं घरही नुसतं कचेरीचं नव्हतं. अंबर कौर नावाची स्त्री तिथे त्याच्यासोबत राहत होती, त्यांना मुलं होती. वेल्सने तिचंही व्यक्तिचित्र काढलं आहे. मॅलेट विलायतेला परतला, ती इथेच राहिली.

१७९५ च्या शेवटी काय झालं?

सगळं एकदम मोडलं. मार्चमध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाला हरवलं होतं, पुण्यात आनंदीआनंद होता. २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. वय २१. त्यानंतर काही आठवड्यांतच साष्टीत वेल्स गेला. ज्याने चित्रशाळा काढली आणि ज्याने ती चालवली, दोघेही एका पावसाळ्यानंतर उरले नाहीत. गादीवरून भांडणं सुरू झाली आणि चित्रशाळा मागे पडली.

वेल्सचे कागद मॅलेटकडे आले. १७९८ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि पुढच्या वर्षी त्याने वेल्सच्या थोरल्या मुलीशी, सुझॅनाशी लग्न केलं. त्यांना आठ मुलगे झाले. मॅलेट १८१५ मध्ये वारला. वेल्सच्या चित्रांवरून डॅनियलने वेरूळचा २४ चित्रांचा देखणा संच १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केला. युरोपने वेरूळ पाहिलं ते या संचातून. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत, वेल्स आणि डॅनियल. गंगाराम नाही.

आज ही चित्रं कुठे आहेत?

अमेरिकेत न्यू हेवन इथे येल विद्यापीठाचं 'येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट' आहे. गंगारामची चित्रं, वेल्सची रेखाटनं आणि त्याच्या रोजनिश्या तिथे आहेत. संग्रहालयाचं नाव 'ब्रिटिश आर्ट' आणि आत पुण्याचा तांबट! २०११ मध्ये तिथे भारतातल्या ब्रिटिश काळातल्या कलेवर प्रदर्शन भरलं. ते भरवणाऱ्या हॉली शॅफर यांनी २०२२ मध्ये आलेल्या 'ग्राफ्टेड आर्ट्स' या पुस्तकात मराठे आणि इंग्रज यांच्या झटापटीतून ही कला कशी घडली ते सविस्तर मांडलं आहे. गंगारामला 'नेटिव्ह मदतनीस' या खान्यातून बाहेर काढून चित्रकार म्हणून पाहिलं जाऊ लागलं ते अशाच कामांमुळे.

खाडीपलीकडच्या अंबरनाथच्या शिवमंदिराला मात्र या तिघांपैकी कोणाचा हात लागला नाही. १०६० च्या शिलालेखाचं ते मंदिर सरकारी कामात आलं १८६८ मध्ये, जे. जे.च्या विद्यार्थ्यांना तिथे साचे आणि रेखाटनं करायला नेलं तेव्हा. तोवर कल्याणपर्यंत रेल्वे येऊन १४ वर्षं झाली होती.

येलच्या संकेतस्थळावर ही चित्रं फुकट पाहता येतात, डाउनलोडही करता येतात. इंग्रजीत 'गंगाराम तांबट' टाकून शोधा. मोबाइलवर झूम केलंत तर गेंड्याच्या पायातली साखळी कडीन् कडी मोजता येते. कान्हेरीला जाणार असाल तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी उद्यान बंद असतं. आणि ठाण्याचा तो किल्ला, ज्याच्या आसऱ्याने वेल्सच्या वेळचं इंग्रजांचं ठाणं वसलं होतं, तो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आत मात्र जाता येणार नाही. तिथे आता मध्यवर्ती कारागृह आहे.